नॅनो सेंटर काढण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका राज्य विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकांवर प्रस्ताव लिहायची जबाबदारी आली आहे. नॅनोपदार्थांवरच्या संशोधनासाठी विद्यापीठाला काही कोटींचा निधी मिळू शकतो. कुलगुरूंची इच्छा अशी की पाच वर्षांत आपलं ‘नॅनो सेंटर’ देशभर ओळखलं जावं आणि रँकिंगही वर यावं. यंत्रं कोणती घ्यावीत, विषय किती ठेवावेत, आणि असं ठरवून विद्यापीठाचं नाव होतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

माझी सगळी नोकरी थिन फिल्म (पृष्ठभागावर बसवलेले अतिपातळ थर) आणि ऊर्जा साठवणाऱ्या पदार्थांवर काम करण्यात गेली. निधी देणाऱ्या समित्यांवरही बसलो, त्यामुळे असे प्रस्ताव लिहिलेही आहेत आणि नापासही केले आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: हो, ठरवून नाव होतं. मात्र ‘आम्ही नॅनोवर काम करतो’ एवढ्यावर कुठल्याही विद्यापीठाचं झालेलं मी पाहिलं नाही. आधी एखाद्या पदार्थाचं किंवा एखाद्या पद्धतीचं नाव होतं आणि त्याच्या मागून विद्यापीठाचं. मँचेस्टर म्हटलं की ग्राफीन (एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा), राइस विद्यापीठ म्हटलं की सी-६० (साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू), ड्रेक्सेल म्हटलं की मॅक्सीन (धातूच्या कार्बाइडचे अतिपातळ पापुद्रे). आपल्याकडे कोल्हापूर म्हटलं की रासायनिक पद्धतीने बनवलेल्या थिन फिल्म. तुमच्या प्रस्तावात सोलर सेल, गॅस सेन्सर, कॅन्सरवरचं औषध, जलशुद्धीकरण आणि शेती असे पाच विभाग असणार हे मी न वाचता सांगू शकतो, कारण सगळ्यांच्याच प्रस्तावात ते असतात. त्यातले चार काढून टाका. कोणते, ते पुढे बोलू.

आधी ड्रेक्सेलबद्दल, कारण तुमच्या परिस्थितीला ते उदाहरण सगळ्यात जवळचं आहे. फिलाडेल्फियातलं हे विद्यापीठ १८९१ सालचं. शिकता शिकता विद्यार्थ्यांना काही महिने कंपनीत काम करायला लावणारं विद्यापीठ, अशीच त्याची ओळख होती. अमेरिकेतल्या पहिल्या फळीच्या संशोधन विद्यापीठांत त्याला कोणी मोजत नव्हतं. तिथे मिशेल बार्सूम १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मॅक्स फेज नावाच्या थराथरांच्या कार्बाइडवर (धातू आणि कार्बन यांच्या संयुगावर) काम करत होते. हे सिरॅमिक असूनही साध्या हत्यारांनी कापता येतं, एवढंच त्याचं आकर्षण. विषय चांगला होता, पण गर्दी जमावी असा नव्हता. युरी गोगोत्सी त्याच विद्यापीठात दुसऱ्या टोकाने आले होते. कार्बाइडमधला धातू क्लोरीनने काढून टाकायचा आणि मागे राहणारा सच्छिद्र कार्बन ऊर्जा साठवायला वापरायचा, हे त्यांचं काम. म्हणजे एकाला थरांचं कार्बाइड बनवता येत होतं आणि दुसऱ्याला कार्बाइडमधून नको ते मूलद्रव्य बाहेर काढण्याची सवय होती.

मायकेल नागिब या पीएचडीच्या विद्यार्थ्याला काम दिलं ते लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोडचं. मॅक्स फेजच्या थरांत लिथियम धडपणे शिरेना, तेव्हा मधला ॲल्युमिनियमचा थरच काढून पाहू असं ठरलं. हायड्रोफ्लोरिक आम्लात, साध्या खोलीच्या तापमानाला, ॲल्युमिनियम निघून गेला आणि टायटेनियम कार्बाइडचे अतिपातळ पापुद्रे मागे राहिले, तेच मॅक्सीन. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. मॅक्स फेजवरच्या कामाला तोवर पंधराएक वर्षं झाली होती. तुमच्या कुलगुरूंना हे पंधरा वर्षांचं गणित समजावून सांगा. नागिबची दोन-तीन वर्षं त्या पंधरांवर उभी आहेत.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला शोधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. हायड्रोफ्लोरिक आम्ल हाताळणं जिवावरचं काम, बहुतेक प्रयोगशाळा त्याच्या वाटेला जात नाहीत. २०१४ साली त्याच गटाने लिथियम फ्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून तोच पदार्थ बनवायची कृती दिली. हायड्रोफ्लोरिक आम्ल यातही द्रावणात तयार होतं, पण सुटं तीव्र आम्ल बाटलीतून ओतावं लागत नाही. हाताला लागतो तो मातीसारखा गोळा, लाटून त्याची फिल्म करता येते. या कृतीने मॅक्सीन जगभरच्या साध्या प्रयोगशाळांत पोचलं. २०१६ मध्ये कोरियातल्या गटाबरोबर त्यांनी दाखवलं की मॅक्सीनची पातळ फिल्म विद्युतचुंबकीय लहरी फार चांगल्या अडवते. बाहेरच्या लोकांना मॅक्सीन बनवायला शिकवणारे अभ्यासक्रमही त्यांनी सुरू केले. आपल्याकडे कृतीतली एक पायरी मुद्दाम गाळून पेपर लिहायची खोड असते, ‘नाहीतर दुसरे करतील ना’ म्हणून. दुसऱ्यांनी करावं यातच तर तुमचं नाव आहे. प्रत्येक जण तो पदार्थ बनवताना तुमचा पेपर उघडून बसतो.

मँचेस्टरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: शुक्रवार संध्याकाळचे हौशी प्रयोग, चिकटपट्टी, २००४ चा पेपर, २०१० चं नोबेल. तिच्यातला एकच भाग प्रस्ताव लिहिणाऱ्याने पाहावा. ६१ दशलक्ष पौंडांची नॅशनल ग्राफीन इन्स्टिट्यूट उघडली २०१५ साली, म्हणजे शोध लागल्यावर अकरा वर्षांनी. आपल्याकडे इमारतीचं भूमिपूजन आधी होतं, आत काय करायचं ते फर्निचर आल्यावर ठरतं.

राइसचं वेगळं आहे. टेक्सासमधलं हे छोटं विद्यापीठ. रिचर्ड स्मॉली यांनी लेसरने पदार्थाची वाफ करून अणूंचे गुच्छ तपासणारं यंत्र स्वतः उभं केलं होतं. इंग्लंडमधल्या ससेक्सहून हॅरी क्रोटो आले ते ताऱ्यांभोवतीच्या कार्बनचा प्रश्न घेऊन, आणि १९८५ च्या सप्टेंबरात रॉबर्ट कर्ल आणि विद्यार्थ्यांसह काही दिवसांच्या प्रयोगांत सी-६० हाती लागलं. १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यावर मिळालं. ते यंत्र त्या काळी कॅटलॉगमधून मागवता आलं नसतं, म्हणून पाहुणा तिथे आला. पैसे देऊन घेतलेलं यंत्र शेजारच्या विद्यापीठातही असतं, त्यासाठी कोणी तुमच्याकडे कशाला येईल?

आता कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, साखरपट्ट्यातलं राज्य विद्यापीठ, आयआयटीसारखा पैसा नाही. पातळ थर बनवायच्या निर्वात पद्धतींना मोठे पंप लागतात, महागडं सामान लागतं. तिथल्या पदार्थविज्ञान विभागाने बीकरमधल्या पद्धती धरल्या: केमिकल बाथ (पट्टी द्रावणात ठेवून थर बसवणं), स्प्रे पायरॉलिसिस (गरम पट्टीवर द्रावण फवारणं), इलेक्ट्रोडिपॉझिशन (विजेच्या साहाय्याने थर बसवणं) आणि सिलार. सिलार मूळची फ्रान्समधली, १९८० च्या दशकातली. ती कशी चालते ते सांगतो, म्हणजे किती कमी सामानात काम होतं ते कळेल. टेबलावर चार बीकर. पहिल्यात धातूच्या क्षाराचं द्रावण, समजा कॅडमियमचं. दुसऱ्यात शुद्ध पाणी. तिसऱ्यात सल्फाइड देणारं द्रावण. चौथ्यात पुन्हा पाणी. काचेची स्वच्छ पट्टी पहिल्यात काही सेकंद बुडवायची, पृष्ठभागावर धातूचे आयन चिकटतात. पाण्यात खळबळून सैल आयन काढून टाकायचे. तिसऱ्यात बुडवली की चिकटलेल्या आयनांची सल्फाइडशी अभिक्रिया होऊन एक अतिपातळ थर बसतो. पुन्हा पाणी. हे एक चक्र झालं. अशी पन्नास, शंभर चक्रं. यंत्र नसेल तर मुलं घड्याळ समोर ठेवून हाताने करतात, आणि कोणाचा हात कसा आहे ते फिल्मच्या रंगावरून ओळखू येतं. धुण्याची वेळ कमी पडली की थर भुकटीसारखा बसतो, बोट फिरवलं की निघतो.

यातून नाव कसं झालं? पद्धतींची एकच कुळी अनेक वर्षं सोडली नाही, आणि त्या कुळीचं सगळं ज्ञान एका जागी मांडलं. प्रमोद पाटील यांचा स्प्रे पायरॉलिसिसवरचा आढावा-लेख १९९९ चा, माने आणि लोखंडे यांचा धातू चाल्कोजेनाइड (सल्फाइड, सेलेनाइड यांसारखी संयुगं) फिल्मच्या रासायनिक पद्धतींवरचा २००० चा, पठाण आणि लोखंडे यांचा सिलारवरचा २००४ चा. हा शेवटचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये आला, म्हणजे आपल्याच देशातल्या नियतकालिकात. सिलारला हात घालणारा नवखा माणूस कुठल्याही देशातला असो, तो आढावा त्याच्यासमोर येतोच. ‘इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) किती?’ हाच प्रश्न आधी विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

दुसरी गोष्ट मुलांची. तिथली मुलं पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, मोठ्या संख्येने दक्षिण कोरियात गेली, हान्यांग, चोन्नाम या विद्यापीठांत. कोरियन प्राध्यापकांना परवडेल अशा पद्धतीत तरबेज, हाताने काम करणारी, न कुरकुरता रात्री थांबणारी मुलं मिळाली. एकाच्या शिफारशीवर दुसरा गेला. काही जण परत येऊन पुण्यात, नांदेडला प्राध्यापक झाले आणि त्यांनी तिथे तेच काम लावलं. विद्यापीठाची ओळख अशी माणसांच्या हाताने पसरते, जाहिरातीला एक रुपया लागत नाही. तुमच्या प्रस्तावात पोस्टडॉक आणि पीएचडी फेलोशिपची रक्कम यंत्रांच्या रकमेच्या खाली तळटीपेसारखी असेल, तर आधी ती वर घ्या.

याच गोष्टीची उलटी बाजूही आपल्या राज्यानेच दाखवली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००० च्या आसपास बुरशी आणि वनस्पती वापरून सोन्याचांदीचे नॅनोकण बनवले. गवती चहाच्या अर्कातून सोन्याच्या त्रिकोणी चकत्या मिळाल्याचा त्यांचा २००४ चा पेपर खरोखर सुंदर आहे. त्या सोप्या कृतीमागे मग सगळा देश लागला. कडुनिंब झाला, तुळस झाली, झेंडू झाला, पपईचं पान झालं. पान उकळा, सिल्व्हर नायट्रेट घाला, द्रावण तपकिरी झालं की जीवाणूंवरच्या चाचणीच्या दोन बशा लावा आणि पेपर पाठवा. पानातला नेमका कोणता रेणू काय करतो हे त्यांतल्या फार थोड्यांनी शोधलं. पहिल्या पेपराने पुण्याचं नाव झालं, पाचशेव्याने बढतीचे गुण मिळाले. तुमच्याकडे कोणी अजून एक पान घेऊन आलं, तर हात जोडून नाही म्हणा.

विषय निवडताना मी दोन गोष्टी पाहायला सांगेन. तुमच्याकडे आज कोणाचा हात कशात बसलेला आहे, आणि तुमच्या जिल्ह्यात असा कोणता प्रश्न आहे जो बाहेरच्याला विमानाने येऊन अभ्यासावा लागतो. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांचं काम बघा. सोन्याचांदीच्या नॅनोकणांवर क्लोरीनयुक्त संयुगं तुटतात या मूलभूत निरीक्षणापासून ते पाण्यातली कीटकनाशकं काढणाऱ्या फिल्टरपर्यंत आले, आणि पुढे लोहाच्या नॅनोपदार्थाने आर्सेनिक काढण्यापर्यंत. ते तंत्र बंगालच्या गावांत प्रत्यक्ष बसलं. आता यवतमाळ, चंद्रपूर भागात भूजलात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते नको. फ्लोराइड शोषणाऱ्या पदार्थांवर पेपर ढिगाने आहेत, पण त्यातले बरेच प्रयोग शुद्ध पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून केलेले असतात. विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. ते पदार्थावरच्या त्याच जागा अडवून बसतं, पाण्याचा सामू चढवतं, आणि प्रयोगशाळेत उत्तम चाललेला पदार्थ गावात निम्माही चालत नाही. असं पाणी ज्या विद्यापीठाच्या दारात आहे त्याला हा विषय वर्षानुवर्षं पुरेल. हा झाला नमुना, तुमच्याकडे वेगळा प्रश्न असेल. इचलकरंजीचं रंगाचं सांडपाणी असेल, फाउंड्रीची वाळू असेल.

आता जरा अप्रिय भाग, आकड्यांचा. नाव व्हायला पंधरा वर्षं लागतात आणि जायला एक ग्राफ पुरतो. अमेरिकेतल्या बेल लॅबचा संशोधक यान हेंड्रिक शॉन २००२ साली सापडला तो असा: वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत तीच ती बारीक थरथर, रेघेला रेघ जुळणारी. ते तर उघड बनावट होतं. आपल्या क्षेत्रात त्याहून सभ्य प्रकार चालतो आणि त्याला कोणी लबाडी म्हणत नाही.

सुपरकपॅसिटरचंच (झटपट भरणाऱ्या-रिकाम्या होणाऱ्या वीज साठवणीच्या उपकरणाचंच) घ्या. स्टीलच्या पट्टीवर ०.२ मिलिग्रॅम पदार्थ बसवायचा, विद्युतधारिता मोजायची आणि ‘ग्रॅमला इतके फॅरड’ (फॅरड हे विद्युतधारितेचं एकक) असं लिहायचं. आकडा हजाराच्या पुढे सहज जातो. पण बाजारातल्या उपकरणात इलेक्ट्रोडच्या चौरस सेंटिमीटरवर साधारण १० मिलिग्रॅम पदार्थ असतो. थर तेवढा जाड केला की आयन आतपर्यंत पोचत नाहीत आणि तोच आकडा गडगडतो. शिवाय ०.२ मिलिग्रॅम वजन करताना ०.०५ ची चूक झाली तर उत्तर पाव हिश्शाने हलतं, आणि वजन करायच्या खोलीत पंखा चालू असतो. निकेल फोमवर (स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलवर) थर घेतला असेल तर क्षारीय द्रावणात फोमचा स्वतःचा पृष्ठभागही प्रभार साठवतो. कोरा फोम मोजून तो वजा करायला हवा. निकेल हायड्रॉक्साइड तर वागतो बॅटरीसारखा, त्याची क्षमता फॅरडमध्ये सांगण्याला अर्थच नाही. गोगोत्सी आणि तुलूजचे पात्रिस सिमोन यांनी २०११ सालीच लिहिलं होतं की असे ग्रॅमवारीचे आकडे दिशाभूल करतात, पूर्ण उपकरणाचा हिशेब द्या. मॅक्सीनचा पेपर आणि हा लेख, वर्ष एकच. त्या गटाचा शब्द जग ऐकतं त्याला हेही कारण आहे.

तेव्हा सेंटरचा नियम पहिल्या दिवसापासून असा ठेवा: दुसऱ्या विद्यार्थ्याने, पहिल्याच्या वहीवरून, त्याला न विचारता तोच नमुना बनवून दाखवल्याशिवाय पेपर जाणार नाही. पेपरांची संख्या निम्म्यावर येईल. कुलगुरू नाराज होतील. होऊ द्या.

यंत्रांबद्दल सगळ्यांना सगळ्यात जास्त उत्सुकता असते, मी सगळ्यात कमी बोलणार आहे. रोज लागतं ते घ्या: एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहणारं), यूव्ही-व्हिजिबल (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं), इलेक्ट्रोकेमिकल वर्कस्टेशन, चांगला मायक्रोबॅलन्स, भट्ट्या, आणि शुद्ध पाण्याचा विश्वासार्ह प्लांट. सेम, म्हणजे पृष्ठभाग दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, मिळत असेल तर घ्या. टीईएमच्या, म्हणजे पदार्थातून आरपार पाहणाऱ्या महागड्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या, नादी लागू नका. एका विद्यापीठात मी टीईएम प्लास्टिकच्या कव्हराखाली पाहिलं आहे. चिलर बिघडला होता, एएमसीला (वार्षिक देखभाल कराराला) पैसे नव्हते, आणि चालवायला शिकलेला कंत्राटी ऑपरेटर दुसरी नोकरी लागताच गेला होता. नमुने आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये, म्हणजे बाहेरच्यांसाठीही खुल्या असलेल्या उपकरण केंद्रात, पाठवा. देशात कुठे कोणतं यंत्र रिकामं आहे ते आय-स्टेम पोर्टलवर दिसतं. इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्राची तर स्थापनाच विद्यापीठांतल्या संशोधकांना मोठ्या सुविधा मिळाव्यात म्हणून झाली आहे, आणि इंदूरलाच इंडस-२ सिंक्रोट्रॉन (तीव्र क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) आहे. तिथे बीमटाइम (यंत्र वापरायची वेळ) मागणारे राज्य विद्यापीठांचे लोक अजून कमीच. नॉन-रिकरिंगमध्ये, म्हणजे एकदाच्या खर्चात, यंत्र मागितलं की समिती पटकन मंजूर करते, मार्चएंडला पैसे खर्चही होतात. ऑपरेटरचं कायम पद, एएमसी, वातानुकूलन यांना रिकरिंगमध्ये, म्हणजे दरवर्षीच्या खर्चात, कात्री लागते. भांडायचं असेल तर त्या कात्रीशी भांडा.

रँकिंग. एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारच्या क्रमवारीत) संशोधनाचा भार तीस टक्के आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेचा दहा. क्यूएस या जागतिक क्रमवारीत प्राध्यापकांच्या मतांवर ठरणाऱ्या शैक्षणिक प्रतिष्ठेलाच तीस टक्के आहेत, ते आधी चाळीस होते. एका सेंटरने संपूर्ण विद्यापीठाचा क्रमांक पाच वर्षांत हलतो असं वचन लिहून देऊ नका. आणि स्टॅनफर्डची जगातल्या सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या दोन टक्के संशोधकांची यादी आली की फाटकावर फ्लेक्स लावायची पद्धत पडली आहे. ती यादी व्यक्तींची असते. ते प्राध्यापक उद्या दुसरीकडे गेले तर नावही सोबत घेऊन जातात.

म्हणून नेमणुका एकट्यादुकट्या करू नका. एकाच पदार्थाभोवती तीन जण घ्या: एक बनवणारा, एक मोजणारा, एक वापरात आणणारा. ड्रेक्सेलमध्ये बार्सूम आणि गोगोत्सी एका विभागात होते हा योगायोग असेल, तुम्हाला तो जाहिरातीतून घडवता येतो. जाहिरातीत ‘स्पेशलायझेशन: नॅनोटेक्नॉलॉजी’ असं लिहिलंत तर तीन वेगळ्या दिशांची तीन माणसं येतील.

पाच वर्षांत काय दिसेल? दोनेक कृती ज्या बाहेरच्याच्या हातूनही बनतात, एक नीट लिहिलेला आढावा, चार-सहा मुलं बाहेरच्या चांगल्या प्रयोगशाळांत. आणि अनोळखी माणसांचे ईमेल: नमुना पाठवाल का, किंवा तुमची कृती आमच्याकडे जमत नाही, काय चुकतंय. अशा दुसऱ्या प्रकारच्या मेलला त्याच आठवड्यात उत्तर गेलं पाहिजे, जमल्यास त्यांच्या विद्यार्थ्याला पंधरा दिवस बोलावून घेतलं पाहिजे. प्रस्तावाच्या रिकरिंग खर्चात त्यासाठी दोन ओळी आजच घाला: नमुने पाठवायचा खर्च, आणि बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांची वसतिगृहातली सोय. रक्कम इतकी किरकोळ आहे की समितीत तिला कोणी हात लावणार नाही.